चौदा इंचांची बैठक

हेडफोन बऱ्यापैकी असतील तर ग्लेन गूल्डच्या रेकॉर्डिंगमध्ये तीन आवाज ऐकू येतात. एक पियानोचा. दुसरा गूल्डचा स्वतःचा. तो वाजवताना गुणगुणायचा, आणि स्टुडिओतल्या इंजिनियरांनी कितीही खटपट केली तरी ते पूर्ण पुसलं गेलं नाही. तिसरा आवाज लाकडाचा. एखाद्या शांत जागी, दोन सुरांच्या मधे, जुन्या वाड्याचा जिना कुणीतरी हळूच उतरतंय असा. करकर. तो खुर्चीचा आहे.

मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मी एक बग शोधत होते आणि मला वाटलं माझीच खुर्ची वाजतेय. उठून चाकं तपासली, बसले, गाणं मागे नेलं. परत तिथेच करकर.

या खुर्चीबद्दल इंटरनेटवर खूप काही आहे, पण जवळजवळ सगळं गंमत म्हणून. उन्हाळ्यात ओव्हरकोट आणि हातमोजे घालणारा, मैफलीआधी हात गरम पाण्यात बुडवून ठेवणारा, स्वतःची मोडकी घडीची खुर्ची जगभर घेऊन फिरणारा विक्षिप्त माणूस. यादी ठरलेली, आणि यादीत खुर्ची हातमोज्यांच्या शेजारी. मीही ही यादी वाचून हसले आहे. मग माझं मनगट दुखायला लागलं.

झालं असं. मी सांगलीत शाळेत असताना सहा वर्षं पेटी शिकले. मग इंजिनियरिंग, मग पुणे, मग नोकरी, पेटी सुटली. तीन वर्षांपूर्वी हप्त्यांवर एक अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला. सोबत इंग्रजी एक्ससारखा दिसणारा लोखंडी स्टँड आला. बसायचं कशावर याचा विचार मी केला नव्हता, दुकानदारानेही केला नव्हता. घरात ज्या वस्तूवर माणूस बसू शकतो अशा प्रत्येक वस्तूवर बसून पाहिलं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची: खांदे वर. तीच खुर्ची आणि उशी: खांदे ठीक, पण उशी दबते आणि पंधरा मिनिटांत आपण पाच सेंटिमीटर खाली. ऑफिसची चाकांची खुर्ची: हातांचे टेकू स्टँडवर आपटतात, आणि जोरात सूर लावला की आपणच मागे सरकतो. प्लास्टिकचं स्टूल: उंची बरोबर, पण त्यावर बसून अर्धा तास काढणाऱ्याला पेन्शन द्यायला हवी. मी टेप आणून उंच्या मोजल्या, एक्सेल शीट केली. आडवा अक्ष उंची, उभा अक्ष किती मिनिटांनी दुखायला लागतं. आलेख सुंदर आला. दुखणं गेलं नाही.

फिजिओथेरपिस्टने मनगट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "कीबोर्ड कमी करा."

मी विचारलं, "कुठला?"

ते हसले. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न खरा होता. एक कीबोर्ड घरभाडं भरतो. दुसरा सोडला तर कुणाचं काहीच अडत नाही, माझ्याशिवाय. त्या रात्री घरी येऊन मी गूल्डच्या खुर्चीची मापं शोधली.

खुर्ची साधी होती. पत्ते खेळायला बसतात तशी घडीची लाकडी खुर्ची. १९५३ साली गूल्डच्या वडिलांनी तिचे पाय सुमारे चार इंच कापले आणि प्रत्येक पायाला पितळी फिटिंग आणि स्क्रू बसवून तो पाय स्वतंत्रपणे वरखाली करता येईल अशी सोय केली. बैठक जमिनीपासून अंदाजे चौदा इंचांवर आली, म्हणजे पस्तीस-छत्तीस सेंटिमीटर. पियानोच्या नेहमीच्या बाकाची उंची असते अठ्ठेचाळीस-पन्नास. आणि पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या असतात साधारण त्र्याहत्तरवर. एवढी खाली खुर्ची नेऊनही त्याला ती उंचच वाटे, म्हणून पियानोच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून तो आणखी वर उचलायचा. वडिलांचा धंदा फरकोटांचा होता, सुतारकामाचा नाही. तरी वीस वर्षांच्या मुलाला कुठली उंची हवी आहे हे त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि करवत घेतली. मला सगळ्या गूल्डकथेत हा प्रसंग सगळ्यात आवडतो. यात विक्षिप्त काहीच नाही. हे हार्डवेअर कस्टमायझेशन आहे.

ही उंची आली कुठून? लहानपणी गूल्ड बोटींच्या उतारावरून पडला होता आणि त्याची पाठ दुखावली होती, हे कारण नेहमी सांगितलं जातं. पण त्याचे शिक्षक आल्बेर्तो गेरेरो स्वतः खाली बसून वाजवत. चिलीत जन्मलेले, टोरंटोत स्थायिक झालेले गेरेरो एक व्यायाम शिकवायचे: एक हात पट्ट्यांवर ढिला ठेवायचा, दुसऱ्या हाताने त्याचं एकेक बोट दाबायचं, आणि बोट आपोआप वर उचललं जातं तेवढंच उचलू द्यायचं. म्हणजे दंड, खांदा, पाठ यांनी शक्यतो मधे पडायचं नाही, काम बोटांनी करायचं. हे करायचं तर कोपर पट्ट्यांच्या वर असून चालत नाही, कारण मग हाताचं वजन आपसूक पट्टीवर पडतं. कोपर खाली गेलं की वजन लोंबतं, पडत नाही. बोट एकटं उरतं.

आता याच्या शेजारी एक जुना नियम ठेवून बघा. फ्रांस्वा कुपरँ या फ्रेंच संगीतकाराने १७१६ साली हार्पसिकॉर्ड वाजवण्याच्या कलेवर पुस्तक लिहिलं. त्यात बसण्याबद्दल स्पष्ट सूचना आहे: कोपर, मनगट आणि बोटं यांची खालची बाजू एका पातळीत यावी आणि खुर्ची त्या हिशोबाने निवडावी. लहान मुलांचे पाय लोंबकळत असतील तर त्यांच्या पायाखाली काहीतरी द्यावं आणि मूल वाढेल तसं ते कमी करत जावं. तीनशे वर्षांपूर्वीचा हा माणूस माझ्या ऑफिसच्या अर्गोनॉमिक्सच्या स्लाइडपेक्षा जास्त कामाचं बोलतो. स्लाइडवर नव्वद अंशांचे कोन काढलेले आहेत आणि कोनांच्या मधे एक चेहरा नसलेला माणूस आहे. तो काय टाइप करतोय, कशासाठी, हे स्लाइडला माहीत नाही. कुपरँला समोरच्या मुलाचे पाय दिसत होते.

पण कुपरँचा नियम पाळून गूल्ड हवा तसा वाजला नसता. आणि इथे मला गूल्डच्या चाहत्यांशी आणि टीकाकारांशी, दोघांशीही भांडायचं आहे. चाहते म्हणतात, खुर्ची हा त्याचा ताईत. टीकाकार म्हणत, खुर्ची हा तमाशा. दोघंही ती खुर्ची ऐकत नाहीत.

ऐकायची कशी? १९५५ चं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स घ्या. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत जूनमध्ये रेकॉर्ड झालं, गूल्ड बावीस वर्षांचा. बाखची ही रचना १७४१ मधली, एक आरिया आणि तिच्यावर तीस व्हेरिएशन्स. ती दोन कीबोर्ड एकावर एक असलेल्या हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेली आहे. पियानोला कीबोर्ड एकच. त्यामुळे आठव्या, चौदाव्या किंवा विसाव्या व्हेरिएशनमध्ये दोन्ही हात एकाच जागेसाठी भांडायला लागतात, एक हात दुसऱ्यावर चढतो. लोकलच्या दारात दोन माणसांनी एकाच वेळी चढावं तसं. उंच बसणारा वादक इथे वरचा हात हवेत उचलतो आणि खाली आणतो, आणि त्या आणण्याचं वजन सुरात ऐकू येतं. गूल्डचे हात जवळजवळ सपाट असतात, पट्ट्यांना चिकटलेले. १९८१ मध्ये ब्रुनो मोंसेंजों याने त्याच्यावर केलेल्या फिल्ममध्ये हे डोळ्यांनी दिसतं: नाक पट्ट्यांच्या जवळ, मनगट खाली, आणि एक हात दुसऱ्याखालून कागद सरकवावा तसा सरकतो. मला वाटतं, प्रत्येक सूर तोडलेला आणि तरी ओळ अखंड हा जो त्याचा खास आवाज, त्याचा निम्मा भाग त्या चौदा इंचांत आहे. दोन-तीन स्वरओळी एकाच वेळी चालू असताना एकही दुसरीच्या अंगावर पडत नाही, कारण वाजवणाऱ्याच्या अंगाचं वजनच कुठे पडत नाही.

म्हणजे ही खुर्ची आरामाची नव्हतीच. निदान पाठीच्या आरामाची नव्हती. आधी तिची बसायची जागा झिजली, मग फाटली, शेवटी जवळपास चौकटच उरली, तरी तो तीवरच बसत राहिला. हा आराम कानाचा होता. हवा तो आवाज ज्या उंचीवर विनासायास निघतो ती उंची त्याने पकडली आणि बाकी शरीराला सांगितलं, जमवून घे.

त्याची किंमतही ऐकू येते, आणि ती न ऐकणं म्हणजे भक्ती. एवढ्या खाली बसून मोठा, भरलेला, सभागृह हलवणारा आवाज निघत नाही. गूल्डला हे पक्कं ठाऊक होतं; लिस्टसारखं संगीत या बैठकीत जमायचं नाही हे तो मान्य करायचा. त्याने वाजवलेली बेथोव्हनची 'आपासियोनाता' ऐका. पहिला भाग इतका हळू की मला दरवेळी वाटतं नेटवर्क गेलं. त्या सोनाटाला अंग लागतं, ते तिथे नाही. (त्याला ती रचना मुळात आवडतच नव्हती, त्यामुळे सगळा दोष खुर्चीवर टाकता येणार नाही.) त्याने काय वाजवलं आणि काय टाळलं याची यादी पाहिली की ती बरीचशी खुर्चीची यादी वाटते. मग मनात येतं, आवडीनुसार बैठक ठरली की बैठकीनुसार आवड? मला याचं उत्तर एका बाजूला झुकवता आलेलं नाही.

दुसरी किंमत मी हळू वाचली. १९७७-७८ च्या काळात गूल्डने हातांच्या तक्रारींची डायरी ठेवली होती. हात ऐकेनात, तर मनगट किती वर, खांदा कसा, मान कुठे, एकेक बदल करून तो पाहत होता. ही डायरी आहे हे कळलं तेव्हा मी माझी एक्सेल शीट उघडली आणि बंद केली. खाली बसण्यामुळेच हे झालं असं म्हणणारे आहेत. माझा तेवढा अधिकार नाही. पण दिवसातले दहा तास एकाच अवयवावर पोट भरणाऱ्या माणसाला ती नोंदवही विक्षिप्तपणाची वाटणार नाही. ते भीतीचं लॉगिंग आहे.

त्यातून बाहेर आल्यावर त्याने १९८१ मध्ये त्याच स्टुडिओत गोल्डबर्ग पुन्हा रेकॉर्ड केलं. १९५५ मध्ये आरिया एक मिनिट त्रेपन्न सेकंदांत संपते, १९८१ मध्ये तीन मिनिटांहून जास्त लागतात. पियानो वेगळा, खुर्ची तीच. लोक १९८१ ला श्रेष्ठ म्हणतात. मला ते आरियापुरतं थोडं स्वतःच्या प्रेमात पडल्यासारखं वाटतं, पण पुढे एकेका व्हेरिएशनची नाडी पुढच्याला जोडत नेलेली आहे, तिथे मी शरण जाते. रेकॉर्ड १९८२ च्या सप्टेंबरमध्ये आली. ऑक्टोबरच्या चार तारखेला तो गेला, पन्नाशी पूर्ण करून नऊ दिवस झाले होते. खुर्ची आता कॅनडात काचेच्या पेटीत आहे. तिच्या प्रतिकृतीही निघाल्या, विकत मिळतात. विकत घेणाऱ्याने वडिलांना करवत द्यायला हवी, त्याशिवाय तिचा उपयोग काय, असं मला वाटतं. प्रतिकृती दुसऱ्याच्या शरीराच्या मापाची असते.

हे सगळं वाचत असताना मला सारखी क्लासची सतरंजी आठवत होती. पेटी वाजवायला खुर्ची कधी लागलीच नव्हती. आणि 'बैठक' हा शब्द मी इतका वेळ सहज वापरतेय, तो आपल्याकडे खुर्चीच्या बसायच्या जागेलाही आहे, बसण्याच्या ढबीलाही आहे आणि गाण्याच्या मैफलीलाही.

पेटीची गोष्ट गूल्डच्या बरोबर उलटी आहे. हार्मोनियम १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँच्या हातून घडला. तो टेबलाएवढा उंच होता, वाजवणारा खुर्चीवर बसायचा, दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचा. हे वाद्य भारतात आलं आणि अडलं, कारण आपल्याकडे गाणारा, तबलजी, श्रोते, सगळे जमिनीवर. खुर्चीवर एकटा पेटीवाला बसला तर तो मैफलीत नसून तिकीट खिडकीत वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी हाताच्या भात्याची बसकी पेटी रुळवली. भाता पाठीमागे आला, उंची गेली. टोरंटोत वडिलांनी खुर्चीचे पाय कापले. इथे वाद्याचेच पाय कापले गेले, आणि त्याबरोबर वादकाचा एक हात गेला. डावा हात भात्याला. वाजवायला उरली उजव्या हाताची पाच बोटं.

पाश्चात्त्य कानाला हे नुकसान आहे: बाखच्या दोन-तीन ओळी एकदम चालवणं संपलं. पण आपल्याला एकच ओळ हवी होती, गळ्याच्या मागे सावलीसारखी जाणारी. आणि भात्यावरचा हात रिकामा नसतो हे पेटी शिकलेल्या कुणालाही विचारा. श्वास त्याच्याकडे असतो. सूर फुगवायचा, सोडायचा, शेवटी विझू द्यायचा, हे उजव्या हाताला जमतच नाही. आपल्या संगीत नाटकांनी पायाने भाता मारायचा ऑर्गनही ठेवला होता, तिथे दोन्ही हात मोकळे आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. म्हणजे एकाच वाद्याच्या दोन बैठका आणि दोन वेगळी संगीतं. पुढे आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला दूर ठेवलं. वाद झाला तो श्रुतींचा, मिंडेचा, ठरीव सुरांचा. या वाद्याने आपल्यासोबत जमिनीवर बसता यावं म्हणून अर्धं अंग बदलून घेतलं होतं, ही गोष्ट त्या वादाच्या हिशोबात धरलेली मला तरी दिसत नाही.

माझ्या मनगटाचं काय झालं ते सांगते. मी लोखंडी स्टँड पलंगाखाली ढकलला. पियानो हॉलमध्ये दोन पाटांवर ठेवला आणि समोर सतरंजीची घडी करून मांडी घातली. पायाचा पेडल अर्थातच बाद. आणि तेव्हा लक्षात आलं की बाखला पेडल जवळपास लागत नाही, गूल्ड तो किती कमी वापरायचा हे तर प्रसिद्धच आहे. शिवाय बाखच्या वेळच्या वाद्याला साधारण पाच सप्तकं. दोन्ही टोकांच्या ज्या पट्ट्यांपर्यंत मांडी घालून माझे हात पोचत नाहीत त्या त्याने वापरलेल्याच नाहीत. सतरंजीच्या दोन घड्यांवर कोपर खाली राहतं, चार घड्यांवर पट्टीच्या पातळीत येतं. तीनवर आवाज सगळ्यात स्वच्छ येतो, मनगट पंचवीस मिनिटं टिकतं. चारवर आवाज थोडा जाड, मनगट चाळीस मिनिटं. ऑफिसचं रिलीज असलेल्या आठवड्यात मी चार घड्या घालते. रविवारी तीन.

गुडघ्यांची वेगळी तक्रार आहे, ती इथे नको.

गेल्या महिन्यात आरियाची पहिली सोळा मापं फोनवर शूट करून क्लासच्या बाईंना पाठवली. बाई आता सत्तरीच्या आहेत. रेकॉर्डिंगमध्ये मधेच शेजारच्या कुकरची शिट्टी आहे, माझा गुडघा एकदा वाजलेला आहे. बाख कोण, गूल्ड कोण, हे त्यांनी काही विचारलं नाही. दोन तासांनी व्हॉइस मेसेज आला. "ऐकलं गं. छान सावकाश वाजवतेस. डावा खांदा अजून वर जातो तुझा, तेव्हाही जायचा. आणि ती सतरंजी सरकतेय फरशीवर, खाली एखादं गोणपाट घाल."